बी, काडी आणि मूळ: आमच्या बेळगावच्या बागकाम वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतल्या आमच्या गच्चीवर रविवारी सकाळी हा वर्ग भरतो. शहरातून लोक येतात, उचगाव-कडोलीकडून येतात, कधी खानापूर-निपाणीहूनही एखादी गाडी येते. पहिल्या दोन रविवारी जे विचारलं जातं ते बहुतेक तेच असतं, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवलंय. क्रम लावलेला नाही.

माझ्या हाताला झाड लागत नाही. वर्गाला येऊन उपयोग आहे का?

आहे. हे वाक्य वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलेलं आहे. उचगावचे एक मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "बी टाकायचं येतंय, खरं काडीचं मला काय जमत नाही बघा." मामांचं उभं आयुष्य रताळी लावण्यात गेलंय. आषाढात रताळ्याचा वेल तोडायचा आणि सरीवर टोचायचा, हे छाट कलमच की! चिकोडी-निपाणीकडे उसाची दोन डोळ्यांची, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागा असलेली, कांडी पुरतात, कुंपणाला शेवग्याचा खांब रोवतात, तेही छाट कलमच. आपल्या भागात हे काम पिढ्यानपिढ्या चालू आहे. वर्गात फक्त तेच काम मोगऱ्याच्या आणि जास्वंदीच्या काडीवर कसं करायचं ते शिकायचं.

झाड जगत नाही त्याची कारणं हातात नसतात, कुंडीत असतात. बहुतेक वेळा दोनच: पाणी जास्त झालं, नाहीतर मूळ फुटायच्या आत पानांतून ओल उडून गेली.

येताना काय आणायचं?

वही, जुना टॉवेल आणि घरच्या एका झाडाची काडी, ओल्या कापडात गुंडाळून. बाकी सगळं इथे आहे.

कुठलं झाड बीपासून करायचं आणि कुठलं काडीपासून?

हा प्रश्न नीट समजला की निम्मा वर्ग झाला.

बी म्हणजे दोन झाडांचं मूल. आईसारखं असेल, बापासारखं असेल, कुणासारखंच नसेल. काडी म्हणजे तेच झाड, दुसऱ्या जागी उभं केलेलं. म्हणून हापूसची कोय पुरली तर हापूस मिळेल याची खात्री नाही, आणि कलम बांधलं तर हापूसच मिळतो. ऊसवाल्यांना हे सांगावं लागत नाही. ८६०३२ या जातीचा ऊस गावोगाव सारखाच दिसतो, कारण तो कांडीवरून कांडीवर आलेला आहे. उसाला तुरा येतो, त्यात बीही धरतं, पण ते पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं निघेल. नव्या जाती शोधणारे शास्त्रज्ञ त्या वेगळेपणासाठीच ते बी पेरतात.

भाजीपाला, झेंडू, अबोली, पपई, तुळस बीपासून करा. मोगरा, जाई, जास्वंद, बोगनवेल, गावठी गुलाब, तगर, कण्हेर, अंजीर, डाळिंब काडीपासून. शेवंतीला बुडाशी फुटलेली पिल्लं वेगळी करा किंवा शेंडे लावा, दोन्ही चालतं. शेवगा दोन्हीकडून येतो: गावठी शेवग्याचा खांब रोवतात, तर पीकेएम-१ किंवा बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाची 'भाग्या' ही जात बीपासून लावतात. आंबा आणि चिकू यांना कलमच बांधावं लागतं, काडी टोचून उपयोग नाही.

बी जुनं आहे. उगवेल की नाही कसं ओळखायचं?

दहा बिया मोजून घ्या. ओल्या सुती फडक्यात ओळीत ठेवा, गुंडाळा, डब्यात घालून ओट्यावर ठेवा. फडकं दमट हवं, पाणी निथळणारं नको. आठ-दहा दिवसांनी सात-आठ बियांना मोड आले तर बिनधास्त पेरा. चारच आले तर दाट पेरा. एक-दोन आले तर ते बी टाकून द्या, तुमचे तीन आठवडे वाचतील.

कांद्याचं बी वर्षभरात ढिलं पडतं. टोमॅटो-वांग्याचं कोरड्या घट्ट बरणीत तीन-चार वर्षं राहतं.

पाण्यात टाकून तरंगलेलं काढायचं का, असंही विचारतात. भाताला ते बरोबर आहे: दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओततात, पोचट दाणे वर येतात ते काढतात, आणि खालचं बी साध्या पाण्यानं धुऊन सुकवून पेरतात. मिरची-टोमॅटोच्या चिमूटभर बियांना मात्र ही परीक्षा लावू नका. कोरडं हलकं बी चांगलं असूनही तरंगतं.

बी किती खोल पेरायचं?

बियाच्या जाडीच्या दुप्पट. बारीक बी तर मातीत पुरूच नका. निपाणीकडे तंबाखूचा तरू, म्हणजे रोपं, टाकताना धुळीसारखं बी राखेत नाहीतर वाळूत मिसळून गादीवाफ्यावर फेकतात, तेच तुळशीला आणि ऑफिसटाइमच्या फुलाला करा. वर ओलं गोणपाट टाका आणि मोड दिसला त्या दिवशीच ते उचला. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट आणि पांढरी होतात.

मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर जागेवरच पेरा. मुळा-गाजराचं रोप उपटून लावलं की त्याला दोन-तीन पाय फुटतात. धने हातानं रगडून दोन फोडी करून पेरायचे, एका धन्यात दोन बिया असतात.

रोपं छान उगवली आणि एका रात्रीत आडवी पडली. काय झालं?

वाकून रोपाचं बूड बघा. मातीलगत, जिथे देठ जमिनीतून वर येतो तिथे, चिमटा काढल्यासारखी बारीक, पाणचट तपकिरी खूण दिसेल. वरची पानं अजून हिरवी असतात. ही रोपमर. मातीतली बुरशी ते बूड कुजवते. आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही, आणि शेजारची रोपं दुसऱ्या दिवशी जातात.

औषध विचारतात सगळे, पण त्या वाफ्याला औषधाची वेळ गेलेली असते. पुढच्या वेळी बी विरळ पेरा. पाणी सकाळी द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. कच्चं शेणखत अजिबात घालू नका. बियाला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर, चोळा: किलोभर बियाला चार-पाच ग्रॅम असं प्रमाण आहे, तेव्हा घरच्या पुडीला बोटाच्या टोकावर येईल तेवढं पुष्कळ झालं. आपल्याकडे जूनमध्ये झड लागली की तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा ट्रे पत्र्याखाली पण उजेडात ठेवा. तुळया सुकत नाहीत तिथे रोपांची बुडं कुठून सुकणार?

घरच्या भाजीचं बी धरता येतं का?

संकरित जातीचं धरू नका, पुढच्या पिढीत ती फुटते, एक रोप एकासारखं निघत नाही. गावठी वाण असेल तर जरूर धरा. आपल्या जिल्ह्याच्या नावावर संकेश्वरी मिरची आहे, लांब, पातळ सालीची, लालभडक. ती घरी असेल तर सर्वांत चांगलं झाड आधीच हेरा, त्याला दोरा बांधा आणि त्याच्यावरच्या मिरच्या झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या. मिरचीत परागण सरमिसळ होतं. शेजारी ढोबळी किंवा दुसरी मिरची असेल तर बियांसाठीच्या फांदीवर कळ्या उमलायच्या आधीच पातळ मलमलची पिशवी चढवा. बी सावलीत वाळवा.

टोमॅटोचा गर पाण्यात दोन-तीन दिवस आंबवा, म्हणजे बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. काकडी-भोपळ्याच्या बिया आमची आजी राखेत घोळवून शेणाबरोबर भिंतीला थापायची. पावसाळा आला की चिरा खरवडून बिया काढायच्या. कोरडी राख आणि किड्यापासून राखण, दोन्ही त्यात आलं.

आंबा, फणस, पपई, कढीपत्ता यांच्या बिया साठवून ठेवल्या, एकही आली नाही.

पपई सोडली तर ही साठवायची बियाच नव्हेत. आंब्याची कोय, फणसाची आठळी, कढीपत्त्याचं काळं फळ ही सुकली की मरतात. फळ खाल्लं त्याच आठवड्यात पेरा. पपईच्या बियावर जेलीसारखं आवरण असतं, ते राखेत चोळून काढा, मग पेरा. दोन-तीन आठवडे थांबा. कारल्याच्या बियाला कवच कडक असतं, रात्रभर पाण्यात ठेवून पेरलं की लवकर येतं.

काडी नेमकी कशी कापायची?

यावर वर्गाचा एक अख्खा रविवार जातो.

जास्वंदीची फांदी हातात घ्या. शेंडा कोवळा, हिरवा, वाकवला तर लवतो. बूड जुनं, खरखरीत, राखाडी. आपल्याला मधला भाग हवा: साल हिरवट-तपकिरी, पेन्सिलीएवढी जाड, वाकवली तर थोडी लवून कट्कन मोडेल अशी. साधारण वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर, आणि तीन-चार डोळे असलेली.

खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. मूळ बहुधा तिथूनच, डोळ्याजवळून फुटतं. वरचा काप डोळ्याच्या बोटभर वर, सरळ. खाली तिरका आणि वर सरळ ठेवला की काडी उलटी लावली जात नाही. उलटी काडी लागत नाही, कारण झाडाला स्वतःचं वर-खाली कळतं. खालची पानं काढा. वरची दोन ठेवा आणि तीही कात्रीनं अर्धी करा. पान अन्न तयार करतं म्हणून हवं, पण पाणीही उडवतं म्हणून छोटं हवं. फुलं-कळ्या काढून टाका, जीव गलबलला तरी.

सिकेटर धारदार हवी. बोथट कात्रीनं साल चेचली जाते आणि चेचलेली जागा कुजते. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटनं पुसा. कण्हेर, शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्याला जाऊ देऊ नका, काम झालं की साबणानं हात धुवा. कण्हेर तर अख्खी विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर तिचे तुकडे जमिनीवर पडू देऊ नका.

काडी मिश्रणात खुपसू नका, साल सोलवटते. आधी काटकीनं भोक पाडा, काडीचा तिसरा हिस्सा ते अर्धी आत जाऊ द्या, भोवतीनं बोटांनी दाबा.

देवचाफ्याची गोष्ट वेगळी. ती काडी कापली की सावलीत आठ-दहा दिवस नुसती ठेवायची, चीक सुकून काप बंद झाला की लावायची. ओली लावली तर सडते.

मूळ फुटायची पावडर लागतेच का?

मोगरा, पुदिना, शेवंती, देशी जास्वंद यांना नाही. बोगनवेल, डाळिंब, संकरित जास्वंद यांना फरक पडतो. पावडरीत आयबीए हे संप्रेरक असतं. त्यानं मुळं फुटतात हे झिमरमन आणि विलकॉक्सन या शास्त्रज्ञांनी १९३५ साली दाखवलं आणि आजही नर्सऱ्यांत तेच चालतं. कोवळ्या काडीला सौम्य, निबर काडीला तीव्र, असं डबीवर लिहिलेलं असतं, ते वाचा. पावडर बशीत थोडी काढून काडी त्यात बुडवा आणि झटका. थेट डबीत ओली काडी घातली की सगळी डबी खराब होते. जास्त लावली तर काडी जळते.

मध, दालचिनी, कोरफड असं बरंच सांगतात. मध आणि दालचिनीनं बुरशीला थोडा आळा बसू शकतो. पण ती आयबीएचं काम करत नाहीत.

काडीला नवीन पानं आली होती, मग अचानक वाळली. असं का?

वर्गात सगळ्यात जास्त दुःख या प्रश्नात असतं, आणि मीही ते भोगलंय. माझ्या पहिल्या वर्षी बारा गुलाबाच्या काड्यांना पंधरा दिवसांत लालसर पालवी आली. मी सगळ्यांना बोलावून दाखवली आणि आनंदानं कुंड्या उन्हात नेल्या. चार दिवसांत बाराही काळ्या.

काडीच्या लाकडात अन्नाचा साठा असतो. त्या साठ्यावर वरचा डोळा फुटतो, मूळ असो वा नसो. म्हणजे पालवी हा मुळाचा पुरावा नाही. खाली आधी कापाच्या कडेनं पांढरट, खडबडीत गाठ धरते, आणि मग कुठे बारीक मुळं बाहेर पडतात. या मधल्या काळात नवीन पानं पाणी मागतात आणि ते आणणारं कुणी नसतं. म्हणून पालवी आल्यावर जास्त जपायचं: सावलीतच ठेवायचं, वर अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली झाकण काढून उपडी ठेवायची, मिश्रण नुसतं दमट ठेवायचं.

उपटून बघू नका. कोवळं मूळ एकदा तुटलं की काडी पुन्हा तेवढा जोर धरत नाही. मोगरा-जास्वंदीला चार ते सहा आठवडे लागतात, बोगनवेलीला दोन महिनेही. तेवढे झाले की काडीला दोन बोटांनी अगदी हलकं वर ओढून बघा. मातीनं धरून ठेवल्यासारखं वाटलं तर मूळ आहे. सहज वर आली तर तशीच खाली दाबा आणि आणखी दोन आठवडे विसरून जा.

पाण्यात ठेवून मुळं आणली तर?

पुदिना, तुळस, मनी प्लँट, कोलियस यांना चालतं. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, ती लांब होईपर्यंत बाटलीत ठेवून कौतुक करू नका. बोटाच्या एका पेराएवढी झाली की कुंडीत हलवा आणि आठवडाभर माती जरा जास्त ओली ठेवा.

आपल्या हवेत कधी करावं?

मृग लागल्यापासून श्रावण संपेपर्यंत. हवेत ओल असते म्हणून पान कमी पाणी उडवतं, सगळं गणित तिथे सोपं होतं. दुसरा चांगला काळ थंडी सरतानाचा, माघाच्या शेवटी. डिसेंबरात आपल्या साडेसातशे मीटर उंचीवरच्या रात्री गार असतात, तेव्हा मुळं फार सावकाश येतात.

पण जिल्हा एकसारखा नाही. कणकुंबी-जांबोटीच्या लोकांनी उघड्यावर काड्या लावू नयेत, त्या पावसात कुजतात. पडवीत, पागोळ्यांपासून लांब ठेवाव्यात. अथणी-रायबागकडे हवा कोरडी, तिथे काडीवर उपडी बाटली किंवा प्लास्टिकची पिशवी पावसाळ्यातही हवीच.

मिश्रण कसलं वापरायचं?

काड्यांसाठी दोन भाग धुतलेली वाळू, एक भाग कोकोपीट. खत शून्य. मूळच नाही तर खत कोण खाणार, उलट बुरशीला मेजवानी. नदीची वाळू मिळत नाही म्हणून एम सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, आणता, चालेल, पण बादलीत चार-पाच वेळा धुवा. त्यातली बारीक भुकटी खाली बसून सिमेंटसारखी घट्ट होते. भात गिरणीतून तूस आणून अर्धवट जाळून काळं केलं तर कोकोपीटच्या जागी छान काम देतं, आणि आपल्याकडे ते भरपूर आहे.

खानापूरकडची तांबडी माती पाणी सोडते, ती थोडी मिसळायला हरकत नाही. बैलहोंगलकडची काळी माती शेतात सोनं आहे, काडीच्या कुंडीत नको. रोपांसाठी मात्र चाळलेली माती, कोकोपीट आणि गांडूळखत समान घ्या.

नर्सरीतल्या मोठ्या गुलाबाची काडी का लागत नाही?

काही लागतात, पण बहुतेक संकरित गुलाब दुसऱ्या रानटी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. काडी लागली तरी स्वतःच्या मुळावर ते झाड अशक्त राहू शकतं. गावठी वासाचा गुलाबी गुलाब लावा, तो ऑक्टोबरच्या छाटणीतल्या काड्यांवरही येतो. घरच्या कलमी गुलाबाला जोडाच्या खालून वेगळ्या पानांचा फुटवा आला तर लगेच काढा, तो खुंट आहे.

पेरू-लिंबाला काय करायचं?

गुटी. जून-जुलैत, बोटाएवढ्या जाड फांदीवर दोन-तीन सेंटीमीटर साल गोल सोलून काढायची, खालचा बुळबुळीत थर चाकूनं खरवडायचा, भोवती भिजवून पिळलेलं मॉस (शेवाळ), वर प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली येतं, ते त्या कापावर अडतं आणि तिथेच मुळं फुटतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर जातच राहतं, म्हणून फांदी वाळत नाही. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की एका दिवसात तोडू नका: आधी अर्धा छेद, आठ दिवसांनी पूर्ण.

पिवळ्या काठाच्या सापपट्टीचं (स्नेक प्लँटचं) पान लावलं, रोप साधं हिरवं आलं.

तुमचं काही चुकलं नाही. तो पिवळा काठ वेगळ्या पेशींच्या थराचा असतो आणि पानापासून नवीन रोप होताना तो उतरत नाही. पिवळा काठ हवा असेल तर गड्डा फोडून पिल्लू वेगळं करा.

सरकारी नर्सरीत कन्नडमध्ये काय मागायचं?

बीपासूनचं रोप म्हणजे 'ससी', कलमी झाड म्हणजे 'कसि गिड', खत म्हणजे 'गोब्बर'. तोटगारिके इलाखे म्हणजे फलोत्पादन खातं. एवढ्या शब्दांवर काम होतं, आणि आमच्या वर्गातल्या कन्नड भगिनी बाकीचे शिकवतात.

कुठल्याही नर्सरीतून कलम घेताना जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मातीपासून वीतभर उंचीवर खोडाला गाठ किंवा बाक असतो, खालची आणि वरची साल वेगळी दिसते. मी एकदा कलमी म्हणून घेतलेला सोनचाफा चार वर्षं वाढवला, फूल नाही. नंतर बूड बघितलं तर सरळ, गुळगुळीत, बियाचं रोप.

चोरून आणलेली काडी जगते म्हणतात, खरं का?

नाही. मागून आणा. मागितली की मालकीण स्वतः चांगली फांदी निवडून देते, कधी छाटायची तेही सांगते. चोरताना हाताला येईल तो कोवळा शेंडा तोडला जातो आणि तोच आधी माना टाकतो.

आईच्या घरी जुना मोगरा आहे. घर विकायचं ठरलंय. एकच झाड, काडी फुकट गेली तर?

मग काडीवर भरवसा ठेवू नका, दाब कलम करा. मोगऱ्याची जमिनीलगतची लवचिक फांदी निवडा. मधल्या एका डोळ्याखाली सालीला छोटी तिरकी चीर द्या, तो भाग वाकवून शेजारच्या कुंडीत दोन बोटं पुरा, वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. फांदी आईच्याच झाडावर जगत असते, त्यामुळे मूळ आलं नाही तरी काही मरत नाही. पावसाळ्यात केलं तर दोन महिन्यांत तुटण्याजोगी होते.

एक नको, तीन फांद्या दाबा. एक तुमच्याकडे, एक बहिणीकडे, एक शेजारणीकडे द्या. माझ्या आईचा शहापूरचा मोगरा असाच आज तीन घरांत आहे. मधे एका उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो असताना माझा वाळला, तेव्हा बहिणीकडून फांदी आणून पुन्हा लावला. घर विकायला किती दिवस आहेत ते मला सांगा, आणि घाई असेल तर रविवारची वाट बघू नका. फोटो आणि एक फांदी घेऊन या, आपण मिळून बघू.